औषध लागू पडलं, शेअर नुसताच पडला

कर्करोगावर नवं औषध येतंय, ते रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणार आहे, आणि ते बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर सध्या पाच डॉलरला मिळतोय. एवढी बातमी कानावर पडली की अल्पगुंतवणूकदाराचा अभ्यास पुरा झाला असं समजावं. पुढचं मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकून ज्यांना सुखाने झोप लागते, त्यांनी खुशाल पान उलटावं.

कंपनी निवडताना पहिला दंडक असा, की ती छोटी असावी आणि तिच्या पोतडीत औषध एकच असावं. मोठ्या कंपनीत जीव रमत नाही. कर्करोगावरच्या कीट्रूडाचंच बघा. हे औषध जन्मलं नेदरलँड्समधल्या ऑस गावी, ऑर्गनॉन कंपनीत. २००७मध्ये शेरिंग-प्लाउने ऑर्गनॉन घेतली, २००९मध्ये मर्कने शेरिंग-प्लाउ घेतली, आणि या खरेदीच्या धामधुमीत ते बिचारं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायच्या यादीत जाऊन पडलं. २०१०मध्ये ब्रिस्टल मायर्सच्या इपिलिमुमॅब या तशाच औषधाचे निकाल आले, तेव्हा कुठे मर्कला जाग आली. २०१४च्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली आणि २०२४मध्ये एका वर्षाची विक्री साडेएकोणतीस अब्ज डॉलरवर गेली. एवढं घबाड अडगळीत पडलेलं असताना मर्कच्या सामान्य भागधारकाला त्याचा पत्ताही नव्हता. त्याने एकही रात्र जागून काढली नाही. असा माणूस चार पैसे कमावतो, पण चारचौघांत सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं.

त्यापेक्षा सिॲटलची डेंड्रिऑन बरी. नॅसडॅकवर नोंदलेली, आणि तिचं सगळं भवितव्य प्रोव्हेंज नावाच्या एका लशीवर. प्रोस्टेटचा कर्करोग पसरलाय आणि हार्मोनच्या उपचारांना दाद देत नाही, अशा रुग्णांसाठी ही लस. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, कारखान्यात नेऊन एका खास प्रथिनासोबत ठेवायच्या, म्हणजे त्या पेशींना शत्रूची ओळख पटते, आणि दोन-तीन दिवसांनी त्या त्याच रुग्णाच्या शिरेतून परत सोडायच्या. असं साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा. तयार पिशवी अठरा तासांत वापरली नाही, तर फेकून द्यायची. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. कल्पना इतकी देखणी आहे, की मेहुण्याला ती समजावून सांगताना गुंतवणूकदाराचाच कंठ दाटून येतो. इथे मेहुणा हमखास विचारतो, ‘पण एकेका माणसासाठी वेगळं औषध बनवायचं म्हणजे खर्च किती?’ या मेहुण्याला पुन्हा जेवायला बोलावू नये.

मग संख्याशास्त्राकडे वळावं. बारावीत गणिताला घाबरलेला माणूस या टप्प्यावर पी-व्हॅल्यूवर तास तास बोलू लागतो. प्रोव्हेंजच्या १२७ रुग्णांच्या एका चाचणीत मुख्य प्रश्न होता, रोग पुढे सरकायला किती वेळ लागतो? लस घेतलेल्या गटात मध्यक ११.७ आठवडे, दुसऱ्या गटात १०. पी-व्हॅल्यू आली ०.०५२. रिवाजाप्रमाणे पास व्हायला ती ०.०५च्या आत लागते. म्हणजे दोन सहस्रांशाने गाडी चुकली. पण त्याच रुग्णांवर पुढे तीन वर्षं नजर ठेवली, तर लस घेतलेले मध्यकाने २५.९ महिने जगले आणि दुसरे २१.४. उत्तर झकास होतं. अडचण एवढीच, की परीक्षेतला मुख्य प्रश्न तो नव्हता. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर प्रश्न बदलून मागणाऱ्याकडे संख्याशास्त्रज्ञ संशयाने बघतात, आणि त्यांचं काही चुकतं असं नाही. गुंतवणूकदाराने मात्र स्वतःचा नियम करावा: आपल्या औषधाचा ०.०५२ म्हणजे पास झाल्यातच जमा, प्रतिस्पर्ध्याचा ०.०४९ म्हणजे निव्वळ योगायोग.

आता तारखेची वाट बघावी. या धंद्यात सणवार वेगळे. २९ मार्च २००७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, सल्लागार समितीसमोर प्रोव्हेंज आली. लस सुरक्षित आहे का? १७ विरुद्ध शून्य. परिणामकारक असल्याचा भरीव पुरावा आहे का? १३ विरुद्ध ४. दुसऱ्या दिवशी शेअर दुपटीहून वर गेला. या घडीला विकायचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. इथे विकणाऱ्याचं मुद्दल सुटतं, वर नफा मिळतो आणि या लेखाचा उरलेला भाग त्याच्या काही उपयोगाचा राहत नाही. समितीच्या नावात ‘सल्लागार’ हा शब्द आहे, तिकडेही काणाडोळा करावा.

९ मे २००७ला कळलं, की एफडीएने सल्ला बाजूला ठेवून आणखी पुरावा मागितलाय. शेअर एका दिवसात साठ टक्क्यांहून जास्त कोसळला.

पैसे गेले की माणसाला दोन गोष्टी सुचतात, देव किंवा कट. अमेरिकेत कट सुचला. समितीतल्या, विरोधात मत दिलेल्या दोन कर्करोगतज्ज्ञांनी मंजुरी देऊ नये अशी पत्रं एफडीएला लिहिली होती, ती बाहेर फुटली. मग निदर्शनं झाली, खटला भरला गेला, अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी चौकशी मागितली. त्या तज्ज्ञांना धमक्या आल्या आणि त्या जूनमध्ये शिकागोला भरलेल्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांना सुरक्षारक्षकांच्या पहाऱ्यात वावरावं लागलं. होतकरू गुंतवणूकदाराने यातून पद्धत शिकून घ्यावी. ‘पुरावा पुरेसा आहे का?’ असं कधी विचारू नये. ‘यांना पैसे कोण देतं?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला अभ्यास लागतो.

निदर्शनं करणाऱ्यांत खरोखरीचे रुग्णही होते, आणि त्यांच्यापाशी आणखी दोन-तीन वर्षं थांबायला वेळ नव्हता. त्यांची थट्टा करण्याचं कारण नाही. मौज आहे ती त्यांच्या शेजारी उभं राहून तितक्याच कळवळ्याने घोषणा देणाऱ्याची, ज्याच्या घरी आजारी कुणी नाही, पण खात्यात पाचशे शेअर आहेत. कधी ही दोन्ही माणसं एकच असतात. त्यांना द्यायला या मार्गदर्शकाकडे सल्ला नाही.

दोन वर्षांनी, १४ एप्रिल २००९ला, ५१२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला: लशीने आयुष्य वाढतं. सविस्तर आकडे २८ एप्रिलच्या दुपारी शिकागोत मूत्ररोगतज्ज्ञांपुढे मांडायचे होते. सावध गुंतवणूकदाराने स्टॉप-लॉस लावून ठेवलेला असतो, म्हणजे भाव अमुक खाली गेला तर शेअर आपोआप विकला जावा. शहाण्यासारखंच केलं म्हणायचं. आकडे बाहेर यायच्या थोडं आधी, काहीही बातमी नसताना, शेअर बघता बघता सुमारे २४ डॉलरवरून साडेसातच्या आसपास आला आणि व्यवहार थांबवावे लागले. सावधांचे शेअर तळाशी विकले गेले. मग आकडे आले, आणि ते उत्तम होते: २५.८ महिने विरुद्ध २१.७. व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव वर गेलेला होता. औषधाबद्दल, निकालाबद्दल आणि वेळेबद्दलही अचूक अंदाज बांधून तोटा करून घ्यायचा असेल, तर यापेक्षा सोपी रीत नाही.

एकाच औषधाचा ध्यास पुरत नसेल, तर जोड-उपचारांकडे वळता येतं. गाजलेल्या औषधाला आपलं औषध जोडायचं आणि आकडे वाढले की पाठ आपलीच थोपटून घ्यायची. इन्साइट कंपनीच्या एपॅकॅडोस्टॅटचं असंच झालं. कीट्रूडासोबतच्या सुरुवातीच्या लहान चाचण्यांत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय वाटून घ्यायचा प्रश्नच आला नाही. मग ७०६ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला जोडगोळी आणि दुसऱ्याला नुसतं कीट्रूडा दिलं. ६ एप्रिल २०१८ला कळलं की जोडीदाराने काडीचंही काम केलेलं नाही. त्या दिवशी इन्साइटच्या शेअरने जवळपास चौथा हिस्सा गमावला, आणि त्याच जातीची औषधं करणाऱ्या इतर कंपन्यांनीही आपापल्या चाचण्या गुंडाळायला घेतल्या.

आतल्या गोटातली खबर मिळाली तर? मिळत नाही, आणि मिळालीच तर मार्था स्ट्युअर्ट आठवावी. अमेरिकेतल्या घराघरात स्वयंपाक आणि सजावट शिकवणाऱ्या या बाईंकडे इमक्लोन कंपनीचे शेअर होते. कंपनीचा जीव एर्बिटक्स या कर्करोगाच्या अँटिबॉडीत अडकलेला. कंपनीचा प्रमुख आपले शेअर विकायला निघालाय, अशी कुणकुण दलालाच्या कचेरीतून लागली आणि बाईंनी २७ डिसेंबर २००१ला आपले ३,९२८ शेअर सुमारे ५८ डॉलरने विकून टाकले. दुसऱ्याच दिवशी एफडीएने अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला. बाईंचा वाचलेला तोटा ४५,६७३ डॉलर. चौकशीत खोटं बोलल्याबद्दल त्यांना पाच महिने तुरुंगात काढावे लागले. पुढे २००४मध्ये एर्बिटक्सला मंजुरी मिळाली, आणि २००८मध्ये एली लिली कंपनीने इमक्लोन विकत घ्यायचं ठरवलं ते शेअरमागे ७० डॉलर मोजून. बाई नुसत्या स्वस्थ बसल्या असत्या, तरी चाललं असतं.

प्रोव्हेंजला अखेर २९ एप्रिल २०१०ला मंजुरी मिळाली. शेअर पन्नाशीच्या पार गेला. ज्यांनी तीन वर्षं देव पाण्यात घालून ठेवले होते, त्यांनी ते बाहेर काढले आणि इथेच घात झाला. मंजुरी मिळाली की गोष्ट संपली असं गुंतवणूकदाराला वाटतं, कारण त्याने पी-व्हॅल्यू शिकलेली असते, उधारी नाही.

तीन डोसांची किंमत होती ९३,००० डॉलर. ती डॉक्टरने आधी कंपनीला द्यायची आणि मग विम्याकडून वसूल करायची. दहा रुग्ण असलेल्या दवाखान्याने ९ लाख ३० हजार डॉलर अडकवून ठेवायचे आणि सरकारी विमा कधी पैसे देतो याची वाट बघायची. सरकारी विम्याने तर पैसे द्यायचे की नाही याचाच विचार करायला जून २०११ उजाडवला. तेवढ्यात एप्रिल २०११मध्ये ॲबिरॅटेरोन आली. साधी तोंडाने घ्यायची गोळी; रक्त फिरवायला नको, अठरा तासांचं घड्याळ नको. मंजुरी सुरुवातीला केमोथेरपी झालेल्यांपुरतीच होती, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय हे डॉक्टरांना कळलं. ऑगस्टमध्ये डेंड्रिऑनने विक्रीचा अंदाज मागे घेतला आणि शेअर एका दिवसात दोन तृतीयांश उतरला. नोव्हेंबर २०१४मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रतिकारशक्तीची, पेशींची, प्रथिनांची सगळी गणितं बरोबर निघाली होती. मेहुण्याचा प्रश्न तेवढा राहून गेला होता.

दिवाळखोरीत आधी कर्जरोखेवाले, मग उरलंच तर भागधारक. उरलं काही नाही. लस २०१५मध्ये व्हॅलिअंटने उचलली, २०१७मध्ये चीनच्या सॅनपॉवरला ८२ कोटी डॉलरना विकली, आणि ती पुढेही रुग्णांना दिली जात राहिली.

हे वाचून मुंबई-पुण्याच्या वाचकाला आपण मागे पडलो असं वाटायला नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा नॅसडॅकवर बुडायला आता व्हिसा लागत नाही. घरचंच औषध हवं असेल, तर पवईच्या आयआयटीतून निघालेल्या इम्युनोॲक्टने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत नेक्सकार-१९ ही कार-टी पेशींची उपचारपद्धती घडवली. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी तिला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली, आणि अमेरिकेतल्या तशाच उपचारांच्या मानाने ती कितीतरी स्वस्त आहे. इथेही रुग्णाच्याच पेशी, इथेही एकेकासाठी वेगळा डोस. मात्र कंपनी शेअर बाजारात नाही. हैदराबादच्या लॉरस लॅब्जचा तिच्यात मोठा हिस्सा आहे, पण लॉरस शेकडो इतर गोष्टी बनवते, त्यामुळे इम्युनोॲक्टसाठी ती घेणाऱ्याला निकालाच्या दिवशी धड छातीत धडधडही होत नाही.

शेवटची पायरी कराची. अमेरिकेत शेअरमधला तोटा इतर शेअरच्या नफ्यातून वजा होतो. तसा नफा नसेल तर पगारासारख्या उत्पन्नातून वर्षाला फक्त ३,००० डॉलर वजा करता येतात आणि बाकीचा तोटा पुढच्या वर्षांत ओढता येतो. डेंड्रिऑनमध्ये ३०,००० डॉलर घालवून पुन्हा बाजाराकडे न फिरकलेल्या माणसाला हा हिशेब पुरा करायला दहा वर्षं लागतात. म्हणून कंपनीची कागदपत्रं जपून ठेवावीत, आणि दर एप्रिलला विवरणपत्र भरताना मागच्या वर्षीचा आकडा पुढे लिहायला विसरू नये.