गिटारीची खातेनिहाय चौकशी

(स्थळ : भुसावळ, रेल्वे वसाहतीलगतच्या एका घराचा व्हरांडा. समय : वैशाखातील टळटळीत दुपार. आरामखुर्चीत निवृत्त हेडक्लार्क. टेबलावर तडा गेलेली गिटार. दारात मिरजेच्या सतारकारांकडे उमेदवारी केलेला वाद्यकारागीर.)

हेडक्लार्क : या मिस्त्री, बसा. आमच्या चिरंजीवांच्या या वाद्याच्या पोटावर, घोडीपासून थेट तळापर्यंत, जी चीर पडली आहे ती कोणाच्या गैरवर्तनामुळे पडली याचा छडा लागल्याखेरीज दुरुस्तीच्या खर्चाला मंजुरी देण्याचा माझा इरादा नाही. संशयित तीन आहेत : शेजाऱ्यांचा धाकटा, आमची धुणेवाली आणि वाद्य विकणारा दुकानदार.

कारागीर : भाऊसाहेब, चीर लाकडाच्या रेषेला धरून सरळ उतरली आहे. आपटून फुटलेली तबली इतक्या शिस्तीने फुटत नाही. शिवाय पडद्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर आली आहेत, ती बोटाला टोचतात. आणि तबली मध्यभागी खचल्यामुळे तारा पडद्यांवर घसटत आहेत. हा सगळा पुरावा एकाच आरोपीकडे बोट दाखवतो. तो म्हणजे या गावचा उन्हाळा.

हेडक्लार्क : उन्हाळ्यावर आरोपपत्र दाखल करण्याची तरतूद कोणत्या नियमावलीत आहे? माझी अवघी नोकरी याच उन्हाळ्यात झाली. मला कोठे तडा गेला?

कारागीर : आपण माठातले पाणी पीत होता. हिला कोण पाजतो? हवेत पाणी तेवढेच राहून नुसता उष्मा वाढला, की हवा शोषखोर होते आणि जे ओलसर सापडेल त्याच्याकडून वसुली सुरू करते. गिटारीला मानवते ती ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता. आणि पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या दुपारी आपल्याकडे ती २० टक्क्यांच्याही खाली उतरते. लाकूड लांबीत फारसे आटत नाही, रुंदीत आटते. पण तबलीच्या कडा चहूबाजूंनी सरसाने जखडलेल्या, आणि वरून सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे ७० किलोचा ताण. आटायला जागाच नाही म्हटल्यावर बिचारीने फाटावे, नाही तर काय करावे?

हेडक्लार्क : परंतु बंदोबस्तात कसूर झालेली नाही, हे दफ्तरी नमूद व्हावे. मी तिला दिवाणखान्यात, वडिलांच्या तसबिरीशेजारी, मानाने टांगली होती.

कारागीर : पश्चिमेच्या भिंतीला? ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, भाऊसाहेब.

हेडक्लार्क : शिवाय क्रिकेटच्या बॅटीला चोळतात तसे अळशीचे तेल चोळले.

कारागीर : (कपाळाला हात लावून) बाहेरून लाखेसारखा थर आहे, त्यातून तेल आत जात नाही, आणि गेले तरी तेलाने पाण्याची तहान भागत नाही. लाकूड उघडे आहे ते आतल्या बाजूने. हवेशी त्याची देवघेव चालते ती या गोल भोकातून.

हेडक्लार्क : मग फाल्गुनात मी तिला पेटीत बंद केले आणि बुटांच्या खोक्यांतून साठवलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या पेटीत भरल्या. ही शिफारस माझ्या एका सहकाऱ्याची. मडगावचे गृहस्थ, तीन पिढ्या घरात गिटार. त्यांच्या शब्दाला काही वजन असेल की नाही?

कारागीर : मडगावात आहे! तिथे दमट हवेने लाकूड फुगते, घोडीचा सरस सुटतो, तारा गंजतात. तिथे त्या पुड्या म्हणजे औषध. तेच औषध आपण फाल्गुनात भुसावळास दिले. हवा जेवढी लूट करत होती तेवढी पुरेना, म्हणून आपण पेटीत आणखी शोषणारे नेमले.

हेडक्लार्क : (दीर्घ विरामानंतर) म्हणजे चौकशी-अधिकारीच...

कारागीर : मी काही म्हटले नाही.

हेडक्लार्क : हा शेरा दफ्तरात घेऊ नका. पुढील तजवीज सांगा.

कारागीर : यावल-रावेरचा बागाईतदार केळीला उष्ण वारा झोंबू नये म्हणून बांधावर शेवरी लावतो ना? तसा आडोसा हिला पेटीचाच. पेटी आतल्या खोलीत ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून दूर. साबणाच्या डबीला भोके पाडून तिच्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा. मात्र ओल लाकडाला शिवता कामा नये. आणि आर्द्रतामापक घ्या.

हेडक्लार्क : त्या यंत्राच्या सचोटीची हमी काय?

कारागीर : बाटलीच्या टोपणात मीठ चिखलासारखे भिजवा आणि दोन्ही वस्तू हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. काटा ७५ टक्क्यांच्या आसपास आला नाही, तर जेवढा फरक तेवढी वजावट कायमची धरा.

हेडक्लार्क : वा! ही तपासणी आमच्या खात्यातही चालली असती. पण आमचा कूलर आहे की. दिवसभर ओली हवा फेकतो.

कारागीर : फेकतो, आणि वीज गेली की थांबतो. तासात ओले, तासात कोरडे, ही ओढाताण सततच्या कोरडेपणाइतकीच वाईट. माझे उस्ताद सतारीचे तुनाचे लाकूड वर्षानुवर्षे मुरवत ठेवत, घाई केली तर रागावत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात त्या मुरवण्याचाही वाटा आहे, असे माझे मत. मात्र मुरलेले लाकूडसुद्धा वैशाखात तहानते.

हेडक्लार्क : मग आज चीर भरून द्या.

कारागीर : आज नाही. आटलेल्या स्थितीत चीर भरली, तर आषाढात लाकूड फुगेल आणि शेजारी ताण पडेल. आधी दहा-पंधरा दिवस तारा सैल करून तिला पेटीत ओल मिळू द्या. चीर आपोआप मिटत आली, की सरस घालून आतून लाकडाच्या चकत्या लावीन. पाऊस सुरू झाला, की स्पंज बाहेर.

हेडक्लार्क : आणि त्या पुड्या?

कारागीर : त्यांची बदली श्रावणात.

हेडक्लार्क : शेजाऱ्यांचा धाकटा आणि दुकानदार दोषमुक्त. धुणेवालीचे मात्र अवघड आहे. तिला मी आज सकाळीच लेखी खुलासा मागितला आहे.

कारागीर : तिला वाचता येते?

हेडक्लार्क : येते. तिने उत्तरही दिले. उद्यापासून ती येणार नाही.