आधी घंटा, मग नैवेद्य

वज्रेश्वरीत 'ड्रायव्हर' या शब्दाचा अर्थ भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या टेम्पोशी पक्का बांधलेला असल्यामुळे, संगणकाच्या ड्रायव्हरवर उपजीविका करणाऱ्या अभियंत्याची, म्हणजे येथे ज्यास 'वेगवर्धक' म्हटले आहे त्या सामाजिक प्रकाराची, ओळख वधूपक्षाला करून देताना घरच्यांची मोठी कुचंबणा होते. संगणकातील ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि नेटवर्क कार्डासारखे यंत्र यांच्यामधला दुभाष्या प्रोग्रॅम, हे स्पष्टीकरण वडीलमंडळी शांतपणे ऐकून घेतात व गाडी स्वतःची आहे काय, एवढेच विचारतात.

वेगवर्धकाचे मुख्य लक्षण असे की, एखादी गोष्ट नुसती नीट चाललेली त्याला पाहवत नाही. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात इतर लोक पाय सोडून निवांत बसलेले असताना हा कपडे काढण्यात गेलेला वेळ मोजत असतो, आणि ड्रायव्हरमध्येही प्रोग्रॅम जिथे क्षणभर थांबतो ती प्रत्येक जागा त्याला आळसाचे आगर वाटते. अशा जागांपैकी त्याच्या विशेष रोषास पात्र ठरते ती 'मेमरी बॅरिअर', अर्थात आधीचे लेखन मार्गी लागल्याशिवाय पुढचे करू नये, अशी प्रोसेसरला दिलेली ताकीद. ड्रायव्हर पाठवायच्या माहितीचा पत्ता मेमरीत लिहितो आणि मग कार्डाच्या 'डोअरबेल' नावाच्या रजिस्टरात आकडा टाकून त्याला जागे करतो. पान वाढून झाल्यावरच देवापुढे घंटा वाजवावी, असे जे घरातली आजी सांगते तोच हा नियम होय, आणि वेगवर्धक तो अंधश्रद्धा समजून काढून टाकतो.

दैवदुर्विलास असा की, त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर काहीच बिघडत नाही, कारण इंटेल घराण्यातले प्रोसेसर साधारणतः लेखनाचा क्रम आपणहून पाळतात. आर्म घराण्यातले मात्र सोय पाहून तो उलटवू शकतात, त्यामुळे तिथे कधीकधी घंटा आधी वाजते, कार्ड लगबगीने येते आणि मागच्या पंगतीच्या खरकट्या पत्रावळीवरून जुनीच नोंद उचलून नेते. यातला 'कधीकधी' फार घातक, कारण रोज बिघडणारे यंत्र दुरुस्त होते, पण लहर लागेल तेव्हा बिघडणाऱ्या यंत्राबाबत प्रथम केबलवर, मग विजेवर आणि शेवटी वास्तुदोषावर संशय घेतला जातो.

दोष सापडल्यावर 'रिव्हर्ट', म्हणजे केलेला बदल मागे घेणे, अटळ ठरते, कारण जे चालत होते ते बिघडवणारी सुधारणा लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, काम करणाऱ्या मंडळीत सुधारणाच मानली जात नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये घडवलेली 'गिट' ही बदलांची नोंदवही या बाबतीत निष्ठुर आहे: रिव्हर्टने जुनी नोंद पुसली जात नाही, तर तिला उलटवणारी नवी नोंद वर चढते, त्यामुळे वेगाची महती गाणारे तीन परिच्छेद आणि 'अमुक बदल मागे घेतला' ही एका ओळीची कबुली, दोन्ही एकाच नावाने चिरकाल नांदतात. वेगवर्धकाची खरी प्रतिभा प्रकट होते ती येथे, कारण वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात तो पहिली नोंद कार्यक्षमतेच्या आणि दुसरी स्थैर्याच्या रकान्यात भरतो.

1739 मध्ये वसई सर झाल्यानंतर चिमाजी अप्पांच्या नवसातून उभ्या राहिलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाला 52 पायऱ्या असून त्यांपैकी एकीवर कासव कोरलेले आहे. भाविक त्याला हात जोडून पुढे जातात, वेगवर्धक मात्र एका ढांगेत दोन पायऱ्या घेत असल्यामुळे ते त्याच्या दृष्टीस अद्याप पडलेले नाही.