पाताळात शोपाँ

मराठी माणसाला गुहा दाखवली की तो आधी विचारतो, ‘ही कोरली कुणी?’ अजिंठा-वेरूळने लावलेली सवय. स्पेनच्या मायोर्का बेटावर पोर्तो क्रिस्तो गावाजवळ ‘कोवेस देल द्राक’, म्हणजे ड्रॅगनच्या गुहा आहेत. तिथे आमच्या ग्रुपमधल्या बापूकाकांनी दारातच तो प्रश्न टाकला.

‘पाण्याने,’ टूर मॅनेजर म्हणाला.

कुठल्या राजवटीत, एवढं विचारायचं काकांनी कसंबसं टाळलं.

पाण्याची कारागिरी मोठी कावेबाज असते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आम्ल होतं, चुनखडीत मुरतं आणि तिला आतून पोखरतं. मग त्याच पोकळीच्या छतातून ठिबकताना चोरलेला माल थेंबाथेंबाने परत करतं. छताला लोंबतात ते अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून उगवतात ते ऊर्ध्वमुखी. शाळेत दोन मार्कांना हमखास यायचे. वाढ म्हणाल तर शंभर वर्षांत जेमतेम सेंटिमीटरभर. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास याच गतीने चालू असल्यामुळे मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

आत दमट उकाडा. जमिनीखाली गारवा असेल म्हणून शाली घेऊन आलेल्या मंडळींचा घाम आणि छताचं पाणी एकाच चालीने ठिबकत होतं. तेवढ्यात कुलकर्णीवहिनींना एका खडकात गणपती दिसला. एकदा एक दिसला की मग काय! वळणावळणाला गणपती निघू लागले. काही उजव्या सोंडेचेही. नशीब, विसर्जनाला पुढे तळं होतं.

हे मार्तेल तळं शंभर मीटरहून लांब. आर्चड्यूक लुडविग साल्वाटोरच्या बोलावण्यावरून फ्रेंच गुहासंशोधक मार्तेल 1896 मध्ये इथे आला आणि तळ्याला त्याचं नाव लागलं. ‘बोलावलं त्याची पाटी कुठाय?’ काकांनी विचारलं. ते गावच्या देवळाचे विश्वस्त आहेत.

तळ्याकाठच्या बाकांवर शेकडो माणसं बसली. गप्प राहा, फोटो काढू नका, अशी अनेक भाषांत घोषणा झाली. मराठीत न झाल्याने ती आम्हाला लागू नव्हती. दिवे गेले. काळोखातून दिव्यांनी उजळलेल्या होड्या सरकत आल्या आणि त्यांत बसलेले वादक शोपाँ वाजवू लागले.

हाच शोपाँ 1838-39चा हिवाळा या बेटावर काढायला आला होता. पाऊस, खोकला, वैतागलेले शेजारी आणि पॅरिसहून मागवलेला पियानो कस्टममध्ये अडकलेला! इतका छळ केल्यावर आता त्याची धून रोज जमिनीखाली वाजवायची, याला काय म्हणावं? पण खरंच, चेलोचा सूर पाण्यावरून आला आणि अंगावर काटा आला. त्याच क्षणी मागे कुणीतरी चिवड्याची पुडी फोडली. गुहेतला ध्वनी अप्रतिम असल्याने शेंगदाणासुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

नंतर होडीतून पैलतीर आणि जिने चढून ऊन. बसमध्ये टूर मॅनेजर म्हणाला, ‘आता मानाकोर लागेल. राफाएल नदालचं गाव.’

बापूकाका ताडकन उठले. ‘अहो, मग हे आधी दाखवायचं! गुहा काय, कुठे पळून जात नव्हती.’