परसबागेची शिकवणी

परभणीत शेतीवर बोलायला परवाना लागत नाही. १८ मे १९७२ पासून गावात कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या कुंपणाजवळ राहणारा स्वतःला प्राध्यापक समजतो आणि लांब राहणारा प्राध्यापकांना काही कळत नाही असं समजतो. ज्याची शेती आहे त्याच्याकडे ज्ञान असतं, ज्याने विकली त्याच्याकडे अनुभव असतो आणि ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नव्हता त्याच्याकडे मत असतं. अशा गावात, नोकरीतून मोकळा झाल्यावर, मी लोकांना फुकट परसबाग शिकवायचं ठरवलं. शनिवारी शाळेतल्या पोरांना, रविवारी मोठ्यांना.

पैसे घेतले असते तर कुणी काही विचारलं नसतं. फुकट म्हटल्यावर चौकशी सुरू झाली. “कोणत्या कंपनीचं खत हाय?” असं एकाने विचारलं. दुसऱ्याने बाजूला घेऊन, “साहेब, वॉर्डातून उभं राहायचंय का?” असं हळूच विचारून स्वतःच्या घरातली मतंही मोजून दाखवली. घरी बायकोने एवढंच म्हटलं, “चांगलं आहे, तेवढेच दोन तास घरात शांतता.”

रविवारच्या वर्गात विद्यार्थी म्हणून कुणीच येत नाही. सगळे परीक्षक म्हणून येतात. मी म्हणालो, “आपली माती काळी आणि भारी. पावसात पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून वीतभर उंच गादीवाफा करायचा.” त्यावर पहिल्या रांगेतून आवाज आला, “आमच्याकडं असं करत न्हाईत.” हे ‘आमच्याकडं’ प्रत्येकाचं वेगळं असतं. जिंतूरवाल्यांचं माळावरचं, पाथरीवाल्यांचं कालव्यावरचं, गंगाखेडवाल्यांचं गोदाकाठचं. मेथीवर सुरू झालेली चर्चा पाच मिनिटांत सोयाबीनच्या भावावर जाते, तिथून पीकविम्यावर, आणि पीकविम्यावरून माणूस परत येत नाही.

या परीक्षकांत एक काका होते. बारा एकर काळी जमीन; सोयाबीन, कापूस, बांधाला तूर. वर्गाला येताना हातात कायम पिशवी. एकदा पिशवी कलंडली आणि बाहेर आलं काय, तर मेथीची जुडी, पाव किलो वांगी, कोथिंबीर आणि वर फुकटात घासाघीस करून मिळवलेला कढीपत्ता. मी विचारलं, “काका, बारा एकरांत मेथीला जागा नाही?”

काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “साहेब, भाजीपाला म्हंजे काय शेती असती का? ते बायांचं काम.”

खरं दुखणं ते हेच. विहिरीच्या थारोळ्याला अळू, न्हाणीच्या पाण्यावर केळ, गोठ्याच्या छपरावर दुधी-भोपळा, कुंपणावर कारलं आणि वाल, उकिरड्याच्या कडेला आपोआप आलेला टोमॅटो, हे सगळं घरातल्या बायांनी हिशोबात न धरता पिकवलं. त्या कामाला शेती म्हणायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून ते मोडलं तेव्हा नुकसानीचा पंचनामाही झाला नाही. बोअर आला, अंगणात फरशी आली, उकिरड्याच्या जागी पार्किंग आलं. आता बारा एकरांचा मालक बाजारात दहा रुपयांच्या जुडीसाठी भांडतो.

पोरांचा वर्ग मात्र निराळा. शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. उद्देश असा, की दुपारच्या खिचडीत शाळेच्याच आवारातली भाजी पडावी. कागदावर हे फार देखणं दिसतं, कारण कागदावर पोरं नसतात. गादीवाफा म्हटल्याबरोबर एकजण त्यावर आडवा होऊन बघून आला. मेथी उगवायला चार-पाच दिवस लागतात असं मी सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी अर्धा वाफा उकरलेला. “उगवलीय का ते बघायलो सर,” हे उत्तर. बी परत पुरलं. पुन्हा उकरलं गेलं. त्या वाफ्यातल्या मेथीला मुळांपेक्षा धीर जास्त असणार, कारण शेवटी ती उगवली.

मग जीवामृत. सुभाष पाळेकरांनी गावोगावी पोचवलेली ही कृती एकरी दोनशे लिटर पाण्याची: दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आम्ही ती बादलीपुरती आटवली. गूळ-बेसन बाहेर निघताच एकाने विचारलं, “सर, झाडाला लाडू करायलाव का?” मी म्हटलं, हे मातीतल्या जिवाणूंचं खाणं. त्यावर मागून एक मुलगी म्हणाली, “मग शेण कशाला घालायलाव? लाडूच द्या की त्यांना.” जिवाणूंच्या बाजूने इतकं ठामपणे बोललेलं मी याआधी ऐकलं नव्हतं. पुढच्या वेळी बेसन थोडं कमी भरलं. ते जिवाणूंनी खाल्लं नव्हतं.

भेंडीच्या तासाला मी थोडा फुगलो होतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून ज्या गावाची थट्टा होते, त्याच गावाचं नाव ‘परभणी क्रांती’ या वाणामुळे बियांच्या पिशवीवर दूरदूर जातं. “सर, हिनं काय क्रांती केली?” मी सांगितलं, की पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर हळद्या रोग नेते, शिरा पिवळ्या पडतात, झाड खुंटतं. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नेहमीच्या भेंडीचा संकर तिच्या एका रानटी भाऊबंदाशी केला आणि हळद्याला दाद न देणारा वाण काढला. एका पोराने सगळ्याचा सारांश काढला, “म्हंजे गावातल्या पोरीला रानातला नवरा.” इतक्या थोडक्यात मला अजूनही सांगता येत नाही.

दरम्यान एकदा कृषिकन्या येऊन गेल्या. कृषी पदवीच्या मुलींना शेवटच्या वर्षाला कार्यानुभवासाठी गावात जायचं असतं. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, गांडूळखत यांची प्रात्यक्षिकं द्यायची असतात. ट्रायकोडर्मा बियांना कसा चोळायचा हे त्यांनी छान करून दाखवलं. मोठ्यांचा वर्ग प्रथमच गप्प बसून ऐकत होता. “काही शंका?” असं विचारताच काका उठले, “फोटोत मी आलो का?”

शाळेच्या बागेचे खरे शत्रू मात्र दोन. पहिली शेळी. कीड-रोगांवर विद्यापीठाच्या शिफारशी आहेत, शेळीवर नाहीत. दुसरा शत्रू उन्हाळ्याची सुट्टी. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, शाळेला कुलूप, नळाला पाणी येईल तेव्हा येईल. अशा वेळी बाग शाळेत ठेवणं म्हणजे तिला शिक्षा करणं. म्हणून पोरांनी काही भेंड्या झाडावरच वाळू दिल्या, बी काढलं आणि पुड्या बांधून घरी नेल्या.

त्यातली एक पुडी काकांच्या नातीकडे गेली. तिने आजोबांकडे दोन हात जागा मागितली. भावकीच्या वाटणीत झाली नसती इतकी घासाघीस झाली आणि अखेर बोअरच्या सांडपाण्याची कडा सुटली. जून लागताच भेंडी लावली, दिवाळीच्या आगेमागे मेथी, कोथिंबीर. वाफ्यावरचा खरा ताबा मात्र आजीने घेतला. धने रगडून दोन फाकी करून टाकायचे, पालक मुळासकट उपटायचा नाही, कारल्याला मांडव आधी आणि बी नंतर: सगळं तिला पाठ होतं. बारा एकरांच्या घरात चाळीस वर्षं कुणी तिला विचारलं नव्हतं, इतकंच. काका अजून वर्गाला येतात, पण आता पिशवी रिकामी असते आणि ‘आमच्याकडं’च्या जागी ‘आमची म्हातारी म्हणती’ असं असतं.

तेव्हा वाचकहो, शेत बारा एकर असो की गच्चीवरच्या चार कुंड्या, थंडी पडताच मूठभर मेथी टाकून बघा. दोन दिवसांत उकरू नका. शेळी लांब ठेवा. आणि शिकवणीच लावायची असेल तर माझ्याकडे येण्याआधी घरातल्या आजीकडे जा. तीही फी घेत नाही. टोमणे तेवढे रोख मोजावे लागतात.