आतल्या खोलीतला टीव्ही

घरातला दुसरा टीव्ही सहसा विकत घेतलेला नसतो, तो उरलेला असतो. बाहेरच्या खोलीत भिंतीला चिकटणारा पातळ टीव्ही आला की जुन्या डब्याची एक्स्चेंजमधली किंमत ऐकून ज्येष्ठांचा स्वाभिमान जागा होतो आणि डबा आतल्या खोलीत कपाटावर चढतो. मग त्याला केबल जोडायची असते.

2012 पूर्वी हे काम सोपे होते. केबल ॲनालॉग होती आणि बहुतेक चॅनेलांना कुलूप नव्हते. गच्चीवरून उतरलेल्या वायरीतून सगळी चॅनेल एकदमच घरात शिरत; त्यांतले कोणते दाखवायचे हे टीव्ही स्वतः ठरवी. त्यामुळे वायरीला फाटा फोडला की दोन खोल्यांत दोन वेगळी चॅनेल दिसत. केबलवाल्याला सांगितले तर तो दुसऱ्या टीव्हीचे पैसे लावी. न सांगण्याचा निर्णय घरोघरी एकमताने होई, आणि काम इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याकडे जाई, मग तो सिव्हिलचा का असेना.

फाटा फोडण्यासाठी स्प्लिटर नावाची धातूची छोटी डबी मिळते. ती सिग्नल दोन वाटांना निम्मा निम्मा वाटते. हिशेबाने घट 3 डेसिबलची, प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास. टोकाच्या घरापर्यंत सिग्नल आधीच दमून आलेला असे. तिथे तो निम्मा झाला की पडद्यावर मुंग्या येत आणि क्रिकेटचा चेंडू त्यांतली नेमकी कोणती, यावर वाद होई. डबीचा खर्च वाचवून वायरी सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत अधिक लोकप्रिय होती. केबलची वायर 75 ओहमची असते. पिळलेल्या जागी हे गणित बिघडते, सिग्नलचा काही भाग आपटून मागे फिरतो आणि चित्राच्या उजव्या अंगाला पुसट सावली उमटते. मालिकेतली एक सासू पुरेशी असताना तिथे दीड दिसे. स्प्लिटरचे एखादे तोंड मोकळे राहिले तरी असाच उपद्रव होतो. त्यावर बसवायचे 75 ओहमचे टोपण मिळते, पण ते कोणी मागितल्याचे दुकानदारांना सहसा आठवत नाही.

वायर आत नेण्यासाठी भिंतीला भोक पाडायला घरमालक किंवा गृहिणी, यांपैकी एकाची तरी हरकत असतेच. म्हणून ती चौकटीवरून जाते आणि दार पूर्ण मिटत नाही. बाहेरचा टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून आत थाटलेला टीव्ही अशा रीतीने बाहेरच्या टीव्हीसह ऐकावा लागतो.

नंतर केबल डिजिटल करण्याचा कायदा झाला. मुंबईला 31 ऑक्टोबर 2012 ची मुदत होती, पुणे, नागपूर, नाशिकला 31 मार्च 2013 ची. मुंग्या गेल्या, सिग्नल कमी पडला तर चित्राचे चौकोन होऊन ते जागीच थिजते, एवढेच. पण चॅनेल निवडण्याचा अधिकार टीव्हीकडून सेट टॉप बॉक्सकडे गेला, आणि साधा बॉक्स एका वेळी एकच चॅनेल उलगडतो. काटकसरी घरांनी बॉक्सच्या पाठीतून पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची लांब वायर आत नेली. चित्र स्वच्छ आले, मात्र बाहेर जे लागेल तेच. शेवटच्या षटकात चार धावा हव्या असताना आतल्या खोलीत अचानक मंगळागौर सुरू होऊ लागली. एचडीएमआयचा महागडा स्प्लिटर आणला तरी फरक एवढाच, की मंगळागौर अधिक ठळक दिसते.

खरा उपाय एकच, दुसरा बॉक्स आणि त्याचे वेगळे भाडे. एकाच घरातल्या जादा टीव्हीला नेटवर्क शुल्क मूळ शुल्काच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त लावू नये, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2020 मध्ये ठरवले होते. सशुल्क चॅनेलांची किंमत त्याखेरीज. दोन्ही बॉक्स एकाच कंपनीचे असले की एकाचा रिमोट सहसा दुसऱ्याला चालतो. त्यामुळे बाहेरच्या रिमोटचे सेल संपले की नवे सेल आणण्याऐवजी आतला रिमोट बाहेर नेला जातो, आणि आतल्या खोलीत सेल येईपर्यंत शेतीविषयक कार्यक्रम चालू राहतात.