झाकली मर्सिडीज

कोथरूडमधली आमची इमारत बांधली तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं. बांधणाऱ्यानं मागच्या बाजूला सायकलींसाठी छान पत्र्याची शेड दिली. मोटारीचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्यामुळे मालक अमेरिकेत गेलेल्या, हवा गेलेल्या सायकली आज छपराखाली आहेत आणि नानांची मर्सिडीज गुलमोहराखाली.

ही गाडी चाकणच्या कारखान्यातली. म्हणजे जन्म छपराखालीच झाला, हाल सासरी आल्यावर सुरू झाले.

नानांनी उभं आयुष्य भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर हातात धरून काढलं. वर्कशॉप विकलं, गाडी घेतली, पण हातातला मायक्रोमीटर काही सुटला नाही. रंगावरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचा असतो, हे आमच्या इमारतीतल्या बालवाडीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. "माणसाचा केस 70 मायक्रॉन. म्हणजे केसाएवढंही संरक्षण नाही हो तिला!" असं नाना स्वतःच्या टकलावरून हात फिरवत सांगतात. सांगताना आवाज कातर होतो.

म्हणून कव्हर. पहिलं कव्हर प्लास्टिकचं होतं. त्यात आतल्या आत दमट हवा कोंडते, हे कळल्यावर ते भंगारवाल्याकडे गेलं. दुसरं ढगळ निघालं. वाऱ्यानं फडफडलं की खालची धूळ रंगावर पॉलिशपेपरसारखी घासते. तिसरं मात्र हवा खेळणारं, आतून मऊ अस्तराचं, पोटाखालून पट्टे आवळायचं. पण पावसात भिजलेलं कव्हर गाडीवर तसंच ठेवायचं नसतं. ते काढून गच्चीत वाळत घालायचं. ते वाळेपर्यंत गाडी उघडी, आणि तेवढ्यात पुढची सर. जून ते सप्टेंबर नाना जिन्यातच राहतात म्हटलं तरी चालेल. गच्चीवरच्या दोऱ्यांवरून दोनदा सोसायटीची मीटिंग झाली आहे.

गाडी उघडी असण्याच्या नेमक्या त्या तासाभरात कबुतरं येतात. शिटेत यूरिक आम्ल असतं आणि ऊन असलं की ते थराला चावतं, इथपर्यंत नानांचं रसायनशास्त्र बरोबर आहे. डाग ते खरवडू देत नाहीत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी ओली घडी त्यावर ठेवतात आणि पाच मिनिटं शेजारी उभे राहतात. चौथ्या मजल्यावरच्या आजी पुण्यासाठी ज्वारी टाकतात. त्यांचं आणि नानांचं बोलणं बंद आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला आणि लोकांनी येऊन ती फाडली, तेव्हा आम्हाला वाटलं नाना राजकारणावर बोलतील. नाना पेपर खाली ठेवून म्हणाले, "फाटणारच. खालून पट्टे कुठे होते?"

मग उंदीर. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ते वायरी कुरतडतात. मेकॅनिकनं तंबाखूची पानं ठेवायला सांगितली. आयुष्यात सुपारी न खाल्लेले नाना पानाच्या टपरीवर जाऊन दबक्या आवाजात "अख्खी पानं, जरा कडक" मागताना दिसले आणि संध्याकाळपर्यंत काकूंना तीन घरांतून सहानुभूती आली. उंदीर गेले की नाही माहीत नाही. गाडीत बसलं की शिंका मात्र येतात, असं म्हणतात. म्हणतात, कारण त्या गाडीत बसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी पहाटे, रस्ता निर्मनुष्य असताना, नाना तिला चांदणी चौकापर्यंत नेऊन आणतात. एरवी भाजी, दवाखाना, लग्नकार्य, सगळं रिक्षानं. गाडीच्या रंगाबद्दल इमारतीत दोन मतं आहेत. पाहुणे आले तर एक कोपरा वीतभर उचलून दर्शन मिळतं. दसऱ्याला गुरुजींनी हळदीकुंकवाचं बोट पुढे केलं, तेव्हा नानांनी ते हवेतच धरलं. हळदीचा डाग जात नाही! शेवटी बोटं कव्हरवर उमटली, हार कव्हरला घातला, आणि गुरुजींनी दक्षिणा मोजून घेतली.

गेल्या महिन्यात मीच त्यांच्यासाठी एक गॅरेज शोधलं. दोन गल्ल्या पलीकडचा बंगला, पक्की भिंत, शटर, भाडंही बेताचं. नाना काकूंना घेऊन बघायला आले. भिंतीला नाक लावून ओल आहे का पाहिलं, टॉर्च मारून बिळं शोधली, शटर चारदा वरखाली केलं. खोट काढता येईना, तसे ते अस्वस्थ झाले.

"जागा चांगली आहे," नाना म्हणाले, "पण आमच्या गॅलरीतून गाडी दिसणार नाही."

"आत्ता तरी कुठे दिसते?" काकू म्हणाल्या.

"कव्हर दिसतं ना!"