ग्रॅमोपंत

ग्रॅमोपंतांशी ओळख व्हायची असेल तर सायकल घेऊन उभं राहावं लागतं. ते तुमच्याकडे बघत नाहीत. खाली वाकतात, अंगठ्यानं पुढचा टायर दाबतात, मग मागचा दाबतात, मग सीटखाली हात घालून सायकल वीतभर उचलतात आणि म्हणतात, "वायर बीड." पुढे काहीच नाही. आपल्या टायरच्या कडेला आत तार असते हे तुम्हाला आजवर ठाऊक नसतं, पण त्या स्वरावरून प्रकरण गंभीर आहे एवढं कळतं.

त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण पुण्यात ही एक जमातच आहे. पहाटे साडेपाचनंतर ती वेताळ टेकडीच्या चढावर, खडकवासल्याच्या चौपाटीवर आणि डोणज्याच्या चहाच्या टपऱ्यांपाशी दिसते. वय पंचेचाळीसच्या पुढे, पेशा आकड्यांचा: कुणी सीए, कुणी बँकेत, बाकीचे सॉफ्टवेअरमध्ये. मुलं बारावी ओलांडलेली, घराचं कर्ज फिटत आलेलं. या वयात कुणी मुळशीकडे प्लॉट घेतं, कुणी गुडघे बदलून घेतं. पंत टायर बदलतात.

गरज साधीच आहे. घरापासून बारा-पंधरा किलोमीटर डांबर, मग मुरमाचा कच्चा रस्ता, मग सुट्या खडीची पायवाट, थोडा कातळ आणि परत डांबर. या सगळ्यावर चालेल असा, हलका आणि पळणारा माउंटन बाइकचा टायर हवा. एवढं वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात. पंतांना त्याचं उत्तर शोधायला लागून किती वर्षं झाली हे वहिनींना विचारावं. त्या लग्नाआधीची आणि नंतरची अशी विभागणी करून सांगतात.

छापील वजनावर पंतांचा विश्वास नाही. खोक्यावर 625 ग्रॅम लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात 650 भरतात, कधी नशिबानं 605. टायर ही हातानं जुळवलेली वस्तू, त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन टायरांत वीस-पंचवीस ग्रॅमांचा फरक सहज असतो. हे कळल्यापासून पंत दुकानात स्वतःचा काटा नेतात. काटा म्हणजे वहिनींनी केकसाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक. गल्ल्याशेजारी तो मांडायचा, वर रिकामं भांडं ठेवून शून्यावर आणायचा आणि दुकानातले सगळे टायर एकेक करून घडी घालून त्या भांड्यात बसवायचे. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. पोऱ्या आतून खोकी आणून दमलेला. शेवटी पंत 612 ग्रॅमांचा एक निवडतात, आणि जोडीला दुसरा तेवढाच भरत नाही म्हणून एकच घेऊन जातात. "दुसरा पुढच्या लॉटमध्ये बघू." दुकानदार आता पंत दिसले की जेवायला जातो.

टायरांच्या नावांनी घरात वेगळंच महाभारत घडवलं. श्वाल्बे या जर्मन कंपनीला टायरांना माणसांची नावं ठेवायची हौस आहे: रेसिंग राल्फ, रॉकेट रॉन, नॉबी निक, हान्स डाम्फ, मॅजिक मेरी. एका दुपारी पंत गॅलरीत फोनवर मित्राशी बोलत होते. "मेरी नको रे, फार जड आहे, तिला घेऊन घाट चढवत नाही. राल्फ पळतो चांगला, पण वळणावर दगा देतो. असं करू, निकला पुढे ठेवू आणि राल्फ मागे राहील." पंतांच्या मातोश्री आत शेंगा सोलत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि चष्मा लावून गॅलरीच्या दारात येऊन विचारलं, "अरे, कुणाची मेरी?" खुलासा झाला, पण त्यांना तो पटलेला नाही. अजूनही टायरचं पार्सल आलं की त्या खोक्यावरचं नाव वाचून घेतात.

आता वजनाचं बघू. पंतांना पोटावरून कुणी काही बोललं तर ते चिडत नाहीत, उलट त्यांना हुरूप येतो. टायरमधले दोनशे ग्रॅम वाचवण्यापेक्षा सकाळचे दोन वडे कमी करा, हा सल्ला त्यांना सगळ्यांनी दिलेला आहे आणि त्यावर उत्तर तयार आहे. "पोट फिरत नाही. चाक फिरतं." म्हणजे असं की रिमच्या कडेला असलेला ग्रॅम सायकलीबरोबर पुढेही जातो आणि स्वतःभोवतीही फिरतो, म्हणून वेग वाढवताना तो दोन ग्रॅमांएवढा भारी पडतो. हे विज्ञान शंभर टक्के खरं आहे. फक्त ते वेग वाढवताना लागू पडतं, आणि सिंहगडाच्या घाटात पंतांचा वेग वाढत नाही. पंत 78 किलो, सायकल 13 किलो, एकूण 91. त्यात दोनशे ग्रॅम म्हणजे जेमतेम 0.22 टक्के. तासाभराच्या चढणीत यानं सुमारे आठ सेकंद वाचतात. वर पोचल्यावर मटक्यातलं दही घ्यायचं की ताक, हे ठरवायला पंतांना त्याहून जास्त वेळ लागतो.

एकदा मी त्यांना म्हटलं, या खेळाची सुरुवात ज्यांनी केली त्यांच्या सायकली वीस किलोच्या वर होत्या. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, पाइन माउंटनच्या उतारावर 1976 साली पोरांनी ज्या शर्यती सुरू केल्या, त्यात जुन्या श्विन कंपनीच्या, फुगीर बलून टायरच्या सायकली होत्या. पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक, आणि तळाशी पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर यायचा. दरवेळी नवं ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. त्यांनी कुणी टायर काट्यावर ठेवल्याचं ऐकिवात नाही. पंतांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून तर ते उतारावर शर्यत लावायचे. वर जायला त्यांच्याकडे ट्रक होता." हेही खरं आहे. पंतांशी वाद घालण्यात ही अडचण आहे.

खरं तर टायर किती पळतो हे वजनापेक्षा इतर गोष्टींवर जास्त ठरतं. जमिनीला टेकतो तिथं रबर दबतं, पुढे सरकल्यावर परत फुगतं, आणि या दबण्या-फुगण्यात थोडी शक्ती उष्णतेत जाते. रबर मऊ असेल, नॉब, म्हणजे टायरवरचे रबरी गड्डे, उंच आणि विरळ असतील, रबराखालचं कापड जाड असेल, तर जास्त जाते. उंच नॉबचा दणकट टायर आणि मधोमध बुटक्या, दाट नॉबचा रेसिंग टायर यांत एका चाकामागे दहा-पंधरा वॉटचा फरक सहज पडतो. पंतांच्या पायांत सगळे मिळून दीडशे वॉट आहेत, तेही नाश्त्याआधी. म्हणजे आठ सेकंदांच्या बाता मारणाऱ्या पंतांची कित्येक मिनिटं इथं दडलेली आहेत. पण हे घरी मोजता येत नाही. त्याला प्रयोगशाळेतलं फिरतं पिंप लागतं, आणि ते वहिनींनी केकसाठी घेतलेलं नाही. काटा ग्रॅम दाखवतो, म्हणून पंत ग्रॅमांच्या मागे.

तरी एक कबूल करायला हवं. एवढ्या वर्षांच्या या उपद्व्यापातून पंतांना दोन गोष्टी पक्क्या कळल्या आहेत आणि त्या नव्या पोरांना कळत नाहीत. पहिली, पुढचा आणि मागचा टायर सारखा नको. अंगाचा बहुतेक भार मागच्या चाकावर असतो, तेव्हा मागे पळणारा, दाट नॉबचा; वळण आणि ब्रेक सांभाळायचं काम पुढच्याचं, तेव्हा पुढे जरा रुंद आणि कडेला ठसठशीत नॉब असलेला. मागचं चाक घसरलं तर माणूस हसतो, पुढचं घसरलं तर दवाखान्यात जातो, असं ते स्वतः म्हणतात. दुसरी गोष्ट हवा. दगडाळ वाटेवर टायर टणक केला की तो पळतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो दर खड्याला तुम्हाला उचलून आपटत असतो आणि पायांची शक्ती त्या उड्यांत जाते. थोडी हवा कमी ठेवली की टायर खडा पोटात घेऊन पुढे जातो. चाळीस पीएसआय भरून धडधडत जाणाऱ्या पंचविशीतल्या पोराला पंत तेवीसवर खुटखुटत गाठतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघण्यासारखं असतं. तेवढ्यापुरता त्यांना काटा आठवतही नाही.

मग पावसाळा संपतो आणि सराटा येतो.

टेकडीच्या पायवाटेला, माळावर, खडीच्या रस्त्याच्या कडेला ही वेल जमिनीसरशी पसरते. पिवळी चिमुकली फुलं, दिसायला गोजिरवाणी. फळ वाळलं की त्याच्या पाच फोडी सुट्या होतात आणि फोड कशीही पडली तरी एक काटा वर असतो. हलक्या टायरचं कापड बारीक विणीचं, इंचाला 120 धाग्यांचं. त्यावर रबर पातळ, कारण रबर म्हणजे ग्रॅम. सराट्याला यापेक्षा अधिक काही लागत नाही. शिवाय बाभळीचा काटा वेगळाच, त्याला तर दणकट टायरचीही भीडभाड नाही.

यावर पंतांचा उपाय ट्यूबलेस. ट्यूब काढायची, रिम टेपनं बंद करायची आणि आत शंभरेक मिली सीलंट, म्हणजे पांढरा पातळ चीक, ओतायचा. काटा घुसला की चीक भोकाशी धावतो आणि तिथंच गोठून भोक बुजवतो. ट्यूबचे दोनशे ग्रॅम गेले, चिकाचे शंभर आले, निव्वळ नफा शंभर. फक्त टायर रिमवर घट्ट बसवायला एकदम जोरात हवा लागते आणि हातपंपानं ते सहसा होत नाही. म्हणून रविवारी दुपारी पंत चाक काखेत घेऊन पेट्रोल पंपाशेजारच्या पंक्चरवाल्याकडे.

"ट्यूब कुठंय?" त्यानं विचारलं.

"ट्यूब नाहीये."

"मग हवा कशात भरू?"

पंतांनी समजावलं, व्हॉल्व्हला लावायचा पितळी अडॅप्टर खिशातून काढून दिला. पंक्चरवाल्यानं आधी टायरच्या कडेला साबणाचं पाणी फिरवलं, हे पंतांना कधी सुचलं नव्हतं. मग कॉम्प्रेसर लावला. टायरच्या फटींतून चिकाचे चार-पाच फवारे उडाले, एक पंतांच्या चष्म्यावर, एक रांगेतल्या रिक्षावाल्याच्या शर्टावर, आणि फाट् फाट् असे दोन बार होऊन टायर बसला. पंक्चरवाल्यानं चाक फिरवून पाहिलं, कड अंगठ्यानं चाचपली आणि किंमत विचारली. पंत म्हणाले, चार हजार आठशे. "एकाचे?" "एकाचे." तो थोडा वेळ गप्प राहिला. "एवढ्यात स्प्लेंडरचे दोन येतात, साहेब. अन् तो दोन माणसं नेतो." बसवल्याचे त्यानं वीस रुपये घेतले.

चीक पुण्याच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतो आणि आत सायीसारखा थर धरतो. परवा पंतांनी टायर उघडला, तो थर नखांनी सोलून काढला आणि काट्यावर ठेवला. 43 ग्रॅम. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

पावसाळ्याचा मुद्दा फार वाढवण्यासारखा नाही. काळी माती ओली झाली की ती टायरला, फ्रेमला, फोर्कला एकत्र बांधून टाकते आणि चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा राल्फ असो की रॉन, सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि तेवढाच वेळ पंतांना त्या ग्रॅमांचा खराखुरा उपयोग होतो.

एवढं सगळं पाहून कुणी विचारलंच, की पंत, घेऊ काय? तर पंत सांगणार नाहीत. ते तुमचं वजन विचारतील, रिमची आतली रुंदी विचारतील आणि नवीन मॉडेल येईपर्यंत थांबा म्हणतील. म्हणून मीच सांगतो. चाक 29 इंची असेल तर पुढे 2.35 च्या आसपास रुंद, मागे 2.25, दोन्ही ट्यूबलेस, आणि कडेची भिंत जरा मजबूत केलेली. सातशे-आठशे ग्रॅम भरला तर भरू दे. सराट्याच्या देशात सहाशेच्या खालचा टायर ढकलत आणायची तयारी असेल तरच घ्यावा.

राहिला पंतांचा माळा. तिथं टायरांच्या घड्या रचलेल्या आहेत आणि त्यांत बरेच 26 इंची, कारण पंतांनी हलके म्हणून जमवले तेव्हा माउंटन बाइकचं चाक त्याच मापाचं असे. 2012 नंतर दोन-तीन वर्षांत कंपन्यांनी 27.5 आणि 29 ची मापं धरली, पंतांनीही नवी सायकल घेतली आणि ती सगळी निवड वर जाऊन बसली. त्यात गोटा झालेला एकही नाही. काहींना तर रिम बघायलाच मिळालेली नाही. तेव्हा कुणाकडे जुनी 26 इंची माउंटन बाइक असेल तर कळवा. टायर फुकट मिळतील. वहिनींच्या दोनच अटी आहेत: शिडी आपली आणायची, आणि नेलेला टायर परत आणायचा नाही.